मावशीकडची टर्कीची पिल्लं

टर्कीची वीस पिल्लं आणली खरी, पण ठेवायला जागा होती ती फक्त मावशीच्या दारी. आम्ही जोगेश्वरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मावशी आरे कॉलनीत, गोठ्यांच्या मागे. तिच्या स्वतःच्या दहाबारा कोंबड्या होत्याच. मका, सुकटीचा भुगा आणि भाजलेलं सोयाबीन असं खाद्य मी घरी तयार करायचे आणि रविवारी बसने पोचवायचे. रोज घालायची मावशी.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं वाढेनाशी झाली. पिसं विस्कटलेली, पायांत जोर नाही. शेजारी मावशीच्या कोंबड्या मात्र गुबगुबीत. टर्कीच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा प्रोटीन जास्त लागतं म्हणून मी सोयाबीन भरपूर घालत होते. मग ते जात होतं कुठे?

एका बुधवारी दुपारी न सांगता गेले. गोरेगावला काम होतं, अशी थाप मारली. मावशी आत गेल्यावर गोणीत हात घालून पाहिलं. हिशेबाने उरायला हवं होतं तेवढंच खाद्य उरलं होतं. तरी मन मानेना. पिल्लांच्या पुढ्यात टाकून नंतर उचलत असेल तर? मागे वळून पाहते तर मावशी दारात उभी.

"मावशी, तुझ्या कोंबड्या यातलं खातात का गं?"

तिने पदराला हात पुसले. "सरळ विचार ना, मी चोरते का म्हणून."

मी तसं नाही, तसं नाही करत राहिले. त्या दिवशी तिने चहा विचारला नाही.

त्यानंतर दोन पिल्लं मेली. मी एक आजारी पिल्लू आणि मूठभर खाद्य घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सोयाबीनचा तपकिरी तुकडा चिमटीत धरून वास घेतला आणि कोण भाजतं म्हणून विचारलं. मीच, म्हटलं. कच्चं बाधतं असं ऐकलं होतं, म्हणून जिन्यापर्यंत खमंग वास जाईस्तोवर भाजायचे.

ते म्हणाले, प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्यातली काही पिल्लाचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. लायसिन त्यातलंच, आणि वाढत्या टर्कीला ते फार लागतं. जास्त भाजलं की ते नासतं.

"पोट भरतं त्यांचं," डॉक्टर म्हणाले, "पण अंगी लागत नाही."

सोयाबीन बेताने भाजायला लागले, त्यांनी दिलेली लायसिन आणि मेथिओनिन या तशाच दुसऱ्या अमिनो आम्लाची पूड मिसळली. उरलेली अठरा पिल्लं हळूहळू भरली. तीनचार मात्र शेवटपर्यंत खुजीच राहिली.

मावशीला सगळं सांगितलं, माफीही मागितली. कळलं ते बरं झालं, एवढंच ती म्हणाली. पण तेव्हापासून खाद्य घालताना ती रोज मला फोनवर व्हिडिओ पाठवते. त्यात गोणी दिसते, पिल्लं दिसतात, आणि दूर दोरीने बंद केलेलं तिच्या कोंबड्यांचं खुराडंही दिसतं. नको म्हटलं, तरी पाठवतेच.