सात विती भिंत

काल पडद्यासाठी खिडकी वितीने मोजताना रेगेन्सबर्गजवळच्या एका गावातले जुने चर्च आठवले. साल २००६. आई गेल्यावर बाबांना मी जर्मनीत आणले होते, पण तीन आठवडे ते कामापुरतेच बोलत. चर्चच्या दारात मात्र ते थांबले आणि जन्मभर गवंडीकाम केलेल्या हातांनी भिंतीची जाडी मोजू लागले. तिथले राखणदार आजोबा जवळ आले, तसा मी ओशाळलो.

“सात विती! तुमच्या किती?” बाबांनी त्यांना सरळ मराठीत विचारले.

आजोबांनीही गार दगडावर हात पसरून मोजले आणि सहा बोटे दाखवली.

“हात मोठा आहे गड्याचा!” बाबा हसले. आई गेल्यानंतर प्रथमच.

तिथले खांबही मी मोजले होते; आकडा आता आठवत नाही. आजोबांचे आभार मानायचे तेव्हा सुचले नाही. ते आज मानतो.