ताराबाई आणि उपाशी पोर

ताराबाईंना रिक्षात घालून त्यांचा मुलगा रोहिदास दवाखान्यात गेला आणि खाली त्यांच्या पाळणाघरातली पोरं माझ्या गळ्यात पडली. वर पहिल्या मजल्यावर माझा शिकवणीचा क्लास. दुपारची बॅच मी सोडून दिली आणि खाली येऊन पालकांना एकेक फोन लावत बसलो. बाई स्वयंपाकघरात पडल्या, शुद्ध नाही, मुलांना घेऊन जा. कुणी मीटिंगमध्ये होतं, कुणी ऐरोलीहून निघणार होतं. सान्वीच्या आईने मात्र पहिल्याच रिंगला फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सर, सान्वीने डबा खाल्ला का?" मी बघितलं. डबा बंद होता. तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग राहू दे. दुसरं काही देऊ नका तिला." तेवढ्यात रोहिदासचा फोन आला. "मास्तर, आय गेली..." आणि मग त्यानेच विचारलं, "पोरा घरी पोचली का सगली?" आईने शुद्ध हरपायच्या आधी तेवढंच सांगितलं असावं.

या गोष्टीला काही आठवडे झाले. माझा राग उतरेल म्हणून मी लिहायचं थांबलो होतो. तो उतरलेला नाही, तेव्हा आहे तसा लिहितो.

ताराबाई मूळच्या कामोठे गावातल्या. सासऱ्याची शेती गेली, तिथे सेक्टर झाले, आणि गावाच्या कडेला उरलेल्या तुकड्यावर त्यांच्या नवऱ्याने ही दोन मजली इमारत उठवली. नवरा गेल्यावर रोहिदास जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचा, बाई घरात एकट्या. शेजारच्या एका बाळंतिणीची नोकरी सुरू झाली, तिचं बाळ त्या सांभाळू लागल्या, आणि बघता बघता खालचा हॉल पोरांनी भरला. पोरं त्यांना 'बाय' म्हणायची. त्यांची पद्धत एकच. दुपारी मोठी परात मधे ठेवायची, भात कालवायचा, त्याचे गोळे करून परातीच्या काठाने मांडायचे आणि पोरांना भोवती गोल बसवायचं. ज्याने त्याने समोरचा गोळा उचलायचा. जो खात नसे तो शेजारच्याचा बघून खायचा. वर मला त्यांचा आवाज यायचा, "आरं, त्याचा नको घेऊ, तुजा हाय ना समोर!" मी गणित शिकवत असायचो आणि माझी पोरं हसायची.

मग पालक शिकले. म्हणजे मोबाइलवर शिकले. एकीला भात नको, वजन वाढतं. दुसऱ्याला भातच हवा, पण तूप आम्ही देऊ तेच. एकाच्या घरी बटाटा चालत नाही, एकाला सोमवारी अंडं चालत नाही, रोडपालीहून एक आजी रोज दुपारी फोन करून नातवाने किती खाल्लं ते विचारायची आणि उत्तर काहीही मिळालं तरी रागवायची. ताराबाई सगळ्यांना "हो" म्हणायच्या. शाकाहारी पोरांचं वेगळं पातेलं त्यांनी केलं होतं आणि ते कसोशीने पाळायच्या. निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे पाळायच्या.

सान्वी आली तेव्हा तीन वर्षांची असेल, शाकाहारी घरातली. तिच्या डब्यात नाचणीचं धिरडं आणि उकडलेल्या भाज्या, तिखट-मीठ नसल्यातच जमा. ती एक घास घ्यायची आणि थुंकायची. ताराबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिला परातीशी बसवलं. पोर जेवायला लागलं. एक दिवस सान्वीची आई हसत हसत दारात आली. घरी सान्वी सारखी बायची वांगी मागत होती, आणि तिने केलेली तिला आवडत नव्हती. "बाई, काय घालता हो तुम्ही वांग्यात?" ताराबाई खूश झाल्या. त्यांनी कांदा सांगितला, वाटण सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "नि मूठभर सुकट."

पुढचं मी जिन्यातून बघितलं. त्या बाईने सान्वीला उचललं, बाहेरच्या नळाशी नेलं आणि तिच्या तोंडात बोटं घालून तोंड धुतलं. वांगी खाऊन आठवडा होऊन गेला असेल. पोर किंचाळत होतं. बाकीची पोरं खिडकीत उभी. "तुमच्या हातचं आम्ही विश्वासाने खाऊ घातलं," ती ओरडत होती, आणि 'तुमच्या' या शब्दावर तिने जो जोर दिला तो जिन्यात मला ऐकू आला, तर ताराबाईंना आलाच असणार. संध्याकाळी मी खाली गेलो. त्या म्हणाल्या, "मास्तर, मी सुकट दिली नाय तिला. सुकट सगली बाजूला काढली, नुसती वांगी दिली. सुकट मी सोता खाल्ली." मी म्हटलं, बाई, चूक तुमची आहे. रस्सा तोच ना? त्या खरोखर विचारात पडल्या. त्यांच्या घरात असंच चालत आलं होतं. कुणाचा उपास-वार असला की मासळी निवडून बाजूला काढायची आणि भाजी वाढायची. यात फसवणूक असू शकते हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "त्या बाईचा पन बरोबर हाय."

आता कुणालाही वाटेल की सान्वी दुसऱ्या पाळणाघरात गेली असेल. छे! दुसरी पाळणाघरं सहाला बंद होतात, ताराबाई ऑफिसची बस येईपर्यंत पोर ठेवायच्या. ज्या हातचं खाऊन बाटलं, त्याच हातात दुसऱ्या सकाळी पोर दिलं, आणि सोबत हुकूम दिला. डबा खाल्ला तर खाल्ला. नाही खाल्ला तर उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप खाईल. आणि ताराबाईंनी तो पाळला. मला वाटलं होतं, पाळणार नाहीत, गुपचूप काहीतरी भरवतील. पण त्या चुकीने त्यांना आतून मोडलं होतं. परात माळ्यावर गेली. प्रत्येक पोराचा डबा वेगळा, आणि एकमेकांच्या डब्यात बघू नये म्हणून तोंडं भिंतीकडे.

आणि त्या स्वतः जेवेनाशा झाल्या. सकाळी मधुमेहाची गोळी घ्यायची आणि सान्वीचा डबा संपेपर्यंत थांबायचं. तो संपायचाच नाही. दुपार टळून जायची. मी भांडलो. आवाज चढवून भांडलो. "पोर उपाशी हाय नि मी तिच्या समोर बसून खाऊ? घास उतरंल काय माज्या गल्यात?" मी म्हटलं, मग आत जाऊन खा. "आत गेली म्हनून काय झाला, तिला ठाव असतं ना." रोहिदासनेही सांगून बघितलं. एकदा त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, मी साखर आणून तोंडात घातली. चार दिवस नीट जेवल्या, मग पुन्हा तेच. मला त्यांचाही राग येतो. सान्वीच्या आईला त्या सरळ सांगू शकल्या असत्या की माझ्या घरात पोर उपाशी राहणार नाही, घेऊन जा तुमची मुलगी. तेवढं बोलायचं सोडून बाई स्वतः उपाशी राहिली. डॉक्टरांनी रोहिदासला सांगितलं, गोळी घेऊन पोटात काही नव्हतं, साखर फार खाली गेली. बाराव्याला सान्वीची आई आली होती. म्हणाली, "त्यांनी स्वतःच्या खाण्यापिण्याकडे लक्षच दिलं नाही हो." रोहिदास "हो" म्हणाला. मी तिथून उठलो.

परवा सान्वीची आई मला बाजारात भेटली. सान्वी नव्या पाळणाघरात जाते, तिथे कॅमेरा आहे, आईला ऑफिसात बसून मोबाइलवर सगळं दिसतं. "सर, एक विचारायचं होतं," म्हणत तिने मला एक व्हिडिओ दाखवला. सान्वी डबा उघडते. धिरड्याचा तुकडा तोडते. उठून तिथल्या मावशींकडे जाते आणि तो त्यांच्या तोंडाशी धरते. मावशी तोंड फिरवतात, तिला जागेवर आणून बसवतात. सान्वी तुकडा डब्यात ठेवते आणि झाकण लावते.

"रोज हेच. समोरच्याने घास खाल्ल्याशिवाय खातच नाही. तिथून तक्रार आलीय, उष्टं होतं म्हणून. ही सवय बाईंनीच लावली असणार ना?"

मला हे ठाऊक नव्हतं. मी वर गणित शिकवत होतो आणि खाली हे चाललं होतं... मी तिला म्हटलं, बाई जेवलेली नाही हे तुमच्या मुलीला कळत होतं. तुम्ही जेवत नाही तोवर मी जेवत नाही, असं त्या दोघींचं चाललं असणार, आणि त्यातून वाट काढली ती या पोरीने. तिने घास भरवला असणार आणि बाईंनी तो गिळला असणार.

तिने व्हिडिओ बंद केला. मग म्हणाली, "ते ठीक आहे, पण आता काय करू?"

"संध्याकाळी घरी गेलात की तिच्यासमोर बसा. ती घास पुढे करेल तेव्हा तोंड उघडा."

"संध्याकाळी मी काही खात नाही, सर," ती म्हणाली. "माझं डाएट चालू आहे."