फोनवरचे काका

विनोदी मालिकेत माणूस मारत नाहीत. नट निघून गेला की त्याच्या पात्राला गावी पाठवतात आणि अधूनमधून तिथून फोन आणवतात. आमच्या मालिकेतले तळमजल्याचे काका असेच आंब्याच्या धंद्यासाठी रत्नागिरीला गेले, ते मालिका बंद पडेपर्यंत परतले नाहीत. त्यांचा आवाज मात्र यायचा. तो आवाज माझा होता. हे फक्त युनिटमधल्या लोकांना ठाऊक होतं, ते आता पांगले आहेत.

काकांचं काम करणारा नट माझा मित्र. पडद्यावर तो शेजारी, मेकअप रूममध्येही खुर्चीला खुर्ची लागून. आम्ही एकमेकांना ‘शेजारी’च म्हणायचो. अंधेरीतल्या एका गोडाऊनमध्ये आमची सोसायटी उभी केलेली. जिना वर कुठेच जात नसे. वर गेलेला माणूस शॉट संपेपर्यंत प्लायवूडमागे अंग चोरून उभा राही. जेवणाच्या सीनमधली भाजी सकाळची, चकाकावी म्हणून तिला वरून तेल लावलेलं. घास तोंडाशी न्यायचा आणि ‘कट’ म्हटलं की ताटात परत. लोकांना हे ऐकायला फार आवडतं, मीही रंगवून सांगतो. मग कोणीतरी विचारतंच, काकांनी मालिका का सोडली? पैशावरून? भांडण झालं का? मी म्हणायचो, त्यांना नाटक करायचं होतं.

त्याने मालिका सोडलीच नव्हती. तो फक्त रुसला होता.

सोसायटीच्या अंगणात सीन असला की सगळे चेहरे लागत. म्हणून त्याला सकाळी बोलवून कपडे चढवून बसवत, आणि संध्याकाळी त्याने मान डोलावली की सुट्टी. एकदा म्हणाला, “शेजारी, मी नट आहे की कुंडी रे?” शॉट असेल तेव्हाच बोलवा, एवढंच त्याचं मागणं होतं. कोणी लक्ष दिलं नाही, तेव्हा तो घरी बसला.

दुसऱ्याच दिवशी सेटवर बोंब झाली. नेमके त्या आठवड्याचे सगळे सीन त्याच्यावर होते. प्रॉडक्शनवाल्या बाईंनी माझ्यासमोर हात टेकले, “दे बाबा त्याला काय हवं ते. लंच झाला की फोन लावते.”

लंचआधी एक सीन उरकायचा होता. काकांच्या बायकोला काकांचा फोन येतो, असं काहीतरी जुळवलेलं. फोनचा सीन असला की पलीकडची वाक्यं कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचतं. वाचणारा मुलगा ठोकळ्यासारखा वाचत होता. मी गंमत म्हणून कागद घेतला आणि मित्राच्या आवाजात सुरू झालो. आधी एक घोगरा खोकला, मग लांबलचक “हॅलोऽऽ”, आणि “ऐकतेस का? नाही, ऐकतेस का?”

लाइटवाले खाली बसून हसले. दिग्दर्शकाने हेडफोन काढला. “यार, हेच ठेवू. रेकॉर्ड करा याचं.”

मालिकेत मी सरळ माणूस होतो. दुसरे विनोद करत, मी “अहो, पण...” म्हणत असे. इतक्या वर्षांत युनिट माझ्यावर हसलं नव्हतं. मी रेकॉर्ड केलं, दोन जास्तीची वाक्यं स्वतःहून घातली. लंच झाला. बाईंनी फोन लावला नाही.

संध्याकाळी त्याचाच मला फोन. “काय म्हणतायत रे? येईल ना बोलावणं?”

“वाट लागलीय त्यांची,” मी म्हणालो. “अजिबात नमू नकोस. थांब.”

तो थांबला. एपिसोड लागला तेव्हा त्याने विचारलं, कोणाचा आवाज? मी म्हणालो, कोणी मिमिक्रीवाला आणलाय. “चांगलं करतो रे,” तो म्हणाला, आणि जरा वेळाने, “मग आता मला कशाला बोलावतील?”

पुढे तो सोसायट्यांच्या कार्यक्रमांत एकपात्री करू लागला. त्याने बोलावलं तरी मी जात नसे. मालिका बंद झाली आणि माझ्याकडे घर, टीव्ही आणि भरपूर दुपारी उरल्या. अशाच एका रविवारी मुलुंडला त्याचा कार्यक्रम आहे कळलं, आणि मी जाऊन मागच्या रांगेत बसलो.

अर्ध्यातच पोरं ओरडायला लागली, “काका, फोनवालं! फोनवालं!”

त्याने मूठ कानाला लावली. खोकला. “हॅलोऽऽ.” माझा खोकला, माझं हॅलो. हॉल कोसळला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, “अस्सल आहे हो माणूस.”

संपल्यावर आत गेलो. तो घामेजलेला झब्बा पिशवीत कोंबत होता.

“अरे शेजारी! न सांगता?”

“झकास झालं.”

“कसलं झकास. तो खोकला माझा आहे का? त्या मिमिक्रीवाल्याने घुसडला. आता खोकलो नाही तर म्हणतात, काका, आज मूड नाही वाटतं.”

“तो मिमिक्रीवाला मी होतो.”

तो हसला. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं.

“मला थांब म्हणालास, तेव्हा?”

“तेव्हा रेकॉर्डिंग झालं होतं. दुपारीच.”

“का रे?”

“लोक हसले.”

“खूप हसले?”

“खूप.”

त्याने मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइल घेऊन आत आले. “अरे वा, दोघं शेजारी एकत्र! एक फोटो!” त्याने सवयीने माझ्या खांद्यावर हात टाकला. फोटो निघताच हात काढून घेतला.

“गाडी आणलीय,” मी म्हणालो, “मलाही बोरिवलीलाच जायचंय. सोडतो ना.”

“नको. तू जा.”

मी गाडीत जाऊन बसलो. तो गेटपाशी पिशवी घेऊन रिक्षांना हात करत होता. बोरिवली म्हटलं की रिक्षावाले मान हलवून पुढे जात. उन्हात त्याने डोळ्यांवर हात धरला होता. मी काच खाली केली नाही, गाडीही सुरू केली नाही. बऱ्याच वेळाने एक रिक्षा थांबली. तो वाकून आत शिरला, आणि आधी पिशवी मांडीवर नीट घेतली.