रत्ना ‘मले’च म्हणायची

रत्ना गेल्याचं मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळलं. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, “रामटेके बाई गेल्या. कावीळ डोक्यात चढली म्हंते.” मी खाली बसले. खरं सांगायचं तर पहिल्यांदा रडू आलं नाही. मनात आलं, आता तर ती कायमचीच पुढे निघून गेली… आता बरोबरी कुणाशी करायची?

ती वडशाची, मी मूलजवळच्या खेड्यातली. एम.ए.ला नागपूरच्या होस्टेलवर आम्ही एकाच खोलीत होतो. आमच्या ‘मले-तुले’वर मुली हसायच्या. मी वर्षभरात जीभ घासूनपुसून स्वच्छ करून घेतली. रत्ना मात्र तशीच राहिली. धर्मांतर करून बौद्ध झालेल्या घरातली होस्टेलवर ती एकटीच होती. लपवायला तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कारणं होती. पण ती म्हणायची, “काऊन बदलू? माय अशीच बोलते ना माझी.” तेव्हा मला तिची कीव यायची. पुढे कीव कधी हेव्यात बदलली, ते कळलंच नाही.

दोघींना चंद्रपूरला एकाच कॉलेजात नोकरी लागली. पीएच.डी.साठी मी जुन्या काव्यातले अलंकार घेतले. तिनं घेतलं, कामाच्या ठिकाणी बायका कशा बोलतात ते. लोक म्हणाले, हा काय विषय झाला? ती सकाळच्या गाडीनं बल्लारपूरला जायची, परवानगी काढून कचेऱ्यांमध्ये बसायची, जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या डब्यात हात घालायची. कोण कुणाला ‘भाऊ’ म्हणतो, कोण कुणाला नुसतं ‘ए’ म्हणतो, साहेबाच्या खोलीत गेल्यावर कुणाचा आवाज बारीक होतो, हे ती ऐकत राहायची. माझ्याच गल्लीतली शीला तिथं टायपिस्ट होती. इतक्या वर्षांत आमचं बोलणं ‘झालं का जेवण’च्या पुढे गेलं नव्हतं. रत्नाला तिनं दुसऱ्याच भेटीत सांगितलं, की कचेरीत कुणी आडनाव विचारलं की ती नुसतं ‘शीला’ सांगून घाईनं टायपिंग सुरू करते. रत्ना मला हे भरल्या डोळ्यांनी सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, मला का नाही सांगितलं?

मग नागपूरचं ते चर्चासत्र. माझा निबंध आधी झाला. एकही शब्द अडखळला नाही. लोकांनी बेतानं टाळ्या वाजवल्या. रत्ना उठली. अध्यक्षांनी, एका वयस्क प्राध्यापकांनी, तिला मध्येच थांबवलं. “बाई, विषय भाषेचा आहे. निदान इथं तरी प्रमाण भाषेत बोला.”

रत्ना जराही चिडली नाही. “सर, मी घरच्यावानी बोलली तर तुमाले खटकलं. कचेरीतल्या बाईले साहेबासमोर हेच भेव वाटते. म्हनून ते चूप बसते. माझा विषय हाच आहे.”

मग अध्यक्षच म्हणाले, “बोला, तुमच्याच भाषेत बोला.” जेवताना त्यांनी तिला शेजारी बसवलं. माझा निबंध कुणाला आठवतही नव्हता. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली… मी खिडकीबाहेर बघत बसले.

परवा वडशाला जाऊन आले. रत्नाच्या खोलीत चटईवर तिची आई आणि शीला वालाच्या शेंगा सोलत होत्या. शीला दर रविवारी येते म्हणे. खुंटीवर रत्नाची साडी अजून तशीच. आईनं शेजारून माझ्यासाठी खुर्ची मागवली.

“रत्ना माझ्याबद्दल काही बोलायची का?” मी विचारलं.

“बोले ना बाई. सुमन किती सुद्ध बोलते, म्हने. तिले आयकतच राहावं वाटते, म्हने.”

त्या वाक्यात मी हेवा शोधला. कणभरही नव्हता… नुसतं कौतुक. मला तेही सोसवेना. मी खुर्चीवरून उतरून चटईवर बसले, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. शीलानं सरकून जागा करून दिली.

“बसा ना मॅडम,” ती म्हणाली.

रत्नाला ती ताई म्हणायची.