दारी आलेल्या मॅडमला वाईट कसं सांगावं

तव्यावर भाकर फुगत होती, दुसरी परातीत थापली जात होती, तेवढ्यात दार वाजलं. एवढ्या सकाळी कोण, म्हणून आशाबाईनं पिठाच्या हातानंच कडी काढली. शाळेतल्या, नांदुऱ्याहून रोज ये-जा करणाऱ्या पूनम मॅडम हातात मोबाइल धरून उभ्या होत्या.

"ताई, पालकांचं सर्वेक्षण आहे. आज शेवटची तारीख, म्हणून पहिल्याच बसनं आले."

शाळेचं वातावरण कसं आहे, हे दरवर्षी विचारत. मुलांना वर्गात, शिक्षकांना ऑफिसात, आईबापांना त्यांच्या दारात. आशाबाईचं उत्तर ठरलेलं असे, "मस्त हाय." सोनाळ्याच्या अलीकडच्या त्या खेड्यात सगळ्यांचंच तसं. उन्हातून चालत आलेल्या बाईला पाणी द्यायचं, चहा ठेवायचा, अन् तिच्याच तोंडावर तिच्या शाळेला नावं ठेवायची? माहेरी काय, सासरी काय, कोणी तसं शिकवलं नव्हतं.

त्या चांगुलपणावर शाळा तालुक्यात वर चढली. फाटकावर 'आनंददायी शाळा' असा बोर्ड लागला. मग मुलींच्या संडासाचं दार मोडून पडलं. हेडसरांनी अर्ज केला, तर वरून उत्तर आलं की तुमचे पालक पूर्ण समाधानी आहेत, आधी गरजू शाळा बघू.

आशाबाईची आठवीतली छकुली शाळेत पाणीच पिईना. मैत्रिणी ओढणी धरून आडोसा करत, तरी पोरं हसत. लघवीला आग होऊन ताप चढला, दवाखाना झाला, अन् दिवाळीनंतर ती गेलीच नाही. तिचा बाप उकंडराव म्हणाला होता, "मंग चाल मायसंगं वावरात. कापूस येचाले दार नाई लागत."

आत्ताही तो ओसरीवर दाढी करता करता बोललाच. "लिहा मॅडम, पयला नंबर लिहा! पोरगी घरी, नंबर शाळेत!"

"तुमी गप बसा बरं." आशाबाईनं पदराला हात पुसले. कापूस वेचता वेचता तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. "मॅडम, चहा तं देतेच. पन यंदा खरं सांगनार हाय. राग नका धरू."

पूनम मॅडम खाली बघत म्हणाल्या, "सांगा ताई. आम्ही तर हेडसरांच्या देखत भरतो, सगळं चांगलंच लिहितो. तुम्ही तरी सांगा."

आशाबाई समोर बसली. असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मॅडमनी पहिला प्रश्न वाचला, "तुमचं मूल नियमित शाळेत येतं का?"

"नाई. कायले येईल? त्या संडासाले..."

मॅडमनी 'नाही'वर बोट टेकवलं. दुसरा प्रश्न आलाच नाही. 'धन्यवाद' एवढंच दिसलं अन् पान मिटलं.

"काऊन? झालं?"

"रोज येणाऱ्या मुलांच्याच आईबापांचं धरतात वाटतं." मॅडमचा चेहरा उतरला. "मला ठाऊक नव्हतं हो, ताई."

"मंग हो टाका. येते म्हना."

मॅडमनी परत परत करून पाहिलं. एका मुलाच्या नावावर एकदाच भरता येत होतं.

"म्हंजे आपली पोरगी सुटली, तं शाळा आनखीनच आनंदी झाली," उकंडराव म्हणाला. कोणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही. आतल्या खोलीत छकुली वेचणीचं फडकं कमरेला बांधत होती, ती तशीच थांबली.

"पुढच्या वर्षी..." मॅडम म्हणाल्या, अन् मोबाइल पिशवीत टाकू लागल्या. उठता उठता त्यांनी हळूच सांगितलं, की सलग गैरहजर मुलांची नावं या महिन्यात पटावरून कमी करायला सांगितलीत.

आशाबाई त्यांच्यामागं दारापर्यंत गेली.

"मॅडम, येवढं एक करा. छकुलीचं नाव पटावर राहू द्या."