दोन फुटांची टाकी

मामाजी, म्हणजे माझे सासरे, आंधळगावला आयुष्यभर कोशाचं रेशमी कापड विणत होते. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यावर मी बदली मागून तुमसरच्या शाळेत आले आणि पुढे काही वर्षांनी, सासूबाई गेल्या तेव्हा, मामाजींनाही आम्ही इकडे आणलं. नवरा राईस मिलमध्ये, मी शाळेत. दिवसभर ते घरात एकटे. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत खाटेवर. बोलणं जवळजवळ थांबलंच होतं.

त्यांना काही विरंगुळा हवा म्हणून मी भंडाऱ्याहून माशांची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद. त्यात ऑस्कर जातीचं एकच पिल्लू, बोटाएवढं, काळं, अंगावर केशरी रेघा.

मामाजींनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"बाई, हा लहान नाही राहणार. तोंड पाय त्याचं, केवढं मोठं."

"दुकानदार म्हणाला, टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो."

ते हसले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "त्यानं माशाले इचारलं का?"

त्यांचं लहानपण गावच्या तलावात मासे धरण्यात गेलेलं. त्यांचं ऐकायला हवं होतं.

मासा त्यांना ओळखायला लागला. ते खोलीत आले की काचेपाशी यायचा, शेपूट हलवायचा. मामाजी परसातली माती उकरून गांडुळं आणायचे आणि तो त्यांच्या बोटांतून ओढून घ्यायचा. ते त्याच्याशी तासन्‌तास बोलायचे. मी शाळेतून आले की त्याने दिवसभरात काय काय केलं ते मला सांगायचे. आमच्या घरात पुन्हा आवाज आला होता.

वर्षभरात तो वीतभर झाला, मग त्याहून मोठा. मामाजी काचेवर हात पसरून मोजायचे.

"लांबी सोड बाई, रुंदी पाय," एक दिवस ते म्हणाले. "त्याले पलटाले जागा नाही. तोंड घासते काचेवर. चार फुटाची टाकी पाहिजे, अन् रुंदी दोन फूट."

चार फुटांची टाकी मावेल अशी एकच भिंत होती आणि तिथे मी नुकताच नवा सोफा ठेवला होता. कारण एवढंच. दुसरं काही नव्हतं.

"दिवाळी होऊ द्या मामाजी, मग पाहू."

दिवाळी झाली. मग मी परीक्षा होऊ द्या म्हटलं. त्यांनी तीनदा विचारलं असेल. नंतर विचारलं नाही. एवढ्याशा पाण्यात घाण लवकर साठायची, म्हणून ते दिवसाआड अर्धं पाणी स्वतःच बदलू लागले. अंगणातल्या नळापासून टाकीपर्यंत बादल्या वाहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने. मला हे माहीत होतं. उलट मी त्यांना एकदा म्हणाले, "फरशी ओली ठेवत जाऊ नका, मामाजी."

एका दुपारी शेजारणीचा शाळेत फोन आला. मामाजी टाकीपाशी पडले होते, बादली बाजूला कलंडलेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "आधं पाणी काढलं होतं, भराचं राहिलं. तू भरलं का?"

मी भरलं नव्हतं. मला आठवलंच नव्हतं. पण मी 'हो' म्हटलं.

ते घरी यायच्या आत नवऱ्याने चार फुटांची टाकी आणवली. सोफा मी शेजारी देऊन टाकला. माशाला हलवताना पहिल्यांदा नीट पाहिलं: डोक्यावर बारीक खड्डे पडले होते, एक डोळा पांढुरका झाला होता. नव्या टाकीत तो एका कोपऱ्यातच राहिला. जुन्या टाकीत फिरायचा तेवढ्याच जागेत फिरायचा.

पंधरा दिवसांनी सकाळी मामाजींनी खाटेवरून ओरडून हाक मारली, "बाई, ये लवकर! पाय, पाय त्याले!" मी कणकेच्या हातांनी धावले. मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पोहत होता. मामाजी लहान मुलासारखे हसत होते.

पण तो उन्हाळा त्याने काढला नाही. नवऱ्याने त्याला परसात पुरलं. दुसरा आणू का विचारलं, तर मामाजी म्हणाले, "नको."

महिन्याभराने त्यांना चहा देताना मी धीर करून म्हटलं, "मामाजी, तुम्ही सांगत होते तेव्हाच मोठी टाकी घेतली असती तर..."

"हो," ते म्हणाले. "घ्याले पाहिजे होती."

आवाजात राग नव्हता. त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं. पण माझं मन राखायला खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. त्यानंतर ते दीड वर्ष होते. वॉकर शेवटपर्यंत सुटला नाही.