सहा गुंड्या सूत

चौथीच्या वार्षिक परीक्षेला आमच्या घरातून चार जण बसले होते. पटावर नाव तेवढं माझं एकटीचं होतं.

साठ सालाच्या जरा आधीची ही गोष्ट. आर्णीपासून चार कोसांवर आमचं गाव. शाळेत वर्ग चार आणि गुरुजी एक. लिहिणं-वाचणं, पाढे होतेच, शिवाय टकळीवर सूत कातावं लागे. वर्षअखेरीला चौथीतल्या प्रत्येकानं स्वतः कातलेल्या सुताच्या दोन गुंड्या, म्हणजे दोन लडी, गुरुजींपुढं ठेवायच्या, नाहीतर नापास! आता आमचं घर कापूसवाल्यांचं. दिवाळीनंतर कापूस पार आढ्याला टेकायचा, आम्ही पोरं त्यावरच लोळायचो. पण त्यातून बोटभर सूत मी काढलं असेल तर शपथ! गुरुजी दुसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत तेव्हा चौथीनं व्हरांड्यात कातत बसायचं. त्या वेळात माझी टकळी भोवरा होऊन फिरे. छान फिरे, पैजा जिंके. वर्षभरात तिच्यावर सूत निघालं ते एक बटण शिवण्यापुरतं (तेही सैलच बसलं असतं).

परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि बाबांनी जेवताना फर्मान काढलं, "पास झाली त मामाच्या घरी राहून आर्णीले पाचवी शिकजो. नापास झाली त कापूस वेचाले चाल!"

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. मला पाचवी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. मी दुपारी चुलीपाशी जाऊन आईसमोर भोकाड पसरलं.

"वर्सभर काय करून राह्यली होती वं पोट्टे?" आईनं कपाळाला हात लावला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मी कातून देतो. तुह्या बाबाले सांगू नको. आबाजीले त बिलकूल नको!"

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण रडं आवरायला मी गोठ्यामागं गेले, आणि तिथं आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तंबाखू चोळत बसलेले!

"काहून रडून राह्यली बाप्पा?"

मी सगळं सांगितलं. फक्त आईनं दिलेला शब्द गिळला. (एकीचा हात दुखला तर दुसऱ्याचं सूत असावं, एवढा शहाणपणा मला तेव्हाही होता.) आबाजींनी त्याच दिवशी पेटीच्या तळातून जुनी टकळी काढली. "जवानीत लय कातलं मी. कोनाले सांगजो नको. तुह्या मायले त बिलकूल नको!"

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात भलतीच शांतता होती. आई दुपारी शेजारणीकडं "पापड लाटाले" जाई. पापड काही घरी येत नसत. आबाजी गोठ्यात "बैलाले गोमाशा लागल्या" म्हणून बसून राहत. बाबा तर शेतातून अंधार पडल्याशिवाय परतेनात. एप्रिलच्या उन्हात मोकळ्या शेतात यांचं काय काम, हे कुणीच विचारलं नाही. प्रत्येकाला दुसरा घरी नसलेलाच बरा वाटत होता.

परीक्षेच्या दिवशी शाळा तपासायला मोठे साहेब आले. कडुनिंबाखाली सतरंजी घातलेली, अर्धा गाव जमलेला. गुरुजींनी माझी पिशवी उपडी केली. दोन गुंड्या पडल्या. आणखी दोन पडल्या. माझा हिशेब तिथं संपला, आणि तरीही आणखी दोन पडल्या!

"सहा!" गुरुजींचा आवाज फाटला. "साहेब, दोनच्या जागी सहा! माझी विद्यार्थिनी!"

"बाळ, हे सगळं तूच कातलंस?" साहेबांनी विचारलं.

खरं सांगायला तेवढी एक जागा होती. मी म्हणाले, "हो साहेब."

साहेब सूत हाताळू लागले. पहिली जोडी नाकाशी नेऊन म्हणाले, "सूत फार बारीक. पण तंबाखूचा वास येतो." आबाजी खाकरले. दुसरी जोडी बघून म्हणाले, "एकसारखं आहे. हळद लागली आहे." आईनं पदर पुढं ओढला. तिसरी जोडी त्यांनी दोन्ही हातांनी ताणली. तिच्यात जागोजागी सरक्या अडकलेल्या! साहेब हसले. "ह्यानं मात्र बैल बांधावा."

"बैल?" मागून बाबांचा आवाज आला. "साहेब, पंधरा दिवस कंबर मोडली माही थ्याच्यावर!"



आई साहेबबिहेब विसरली. "अवो, तुमीबी कातलं?"

"तुमीबी म्हंजे? मले त गुरुजी बजारात भेटले, म्हने पोरीचं सूत कोठं हाय! तू कायले कातलं?"

"मंग थे बारीकवालं माह्यं हाय," आबाजी उठून उभे राहिले. "साहेब, थे लिहून घ्या!"

गुरुजी मटकन खाली बसले. साहेबांनी चष्मा पुसला आणि ते माझ्याकडं वळले. "आणि तुझं सूत कुठं आहे?"

मी खिशातून बटणापुरता दोरा काढला. लाजेनं माझे कान तापले होते. पाचवी गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"बस इथं," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर चार हात सूत काढ. तुटलं तर जोड. मला घाई नाही."

मी बसले. सूत तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं. "बोट सैल सोड!" आबाजी ओरडले. "कापसाचा पेळू वर धर वं!" आई ओरडली. "जाड राहू दे, तुटत नाही!" हा बाबांचा सल्ला. साहेबांनी तिघांना झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. तिथून बाबांचं नुसतं मुंडकं दिसत होतं, माझी टकळी फिरेल तसं फिरत. कापूस वेचायला नेणारा माणूस पंधरा दिवस चोरून माझ्यासाठी कातत होता, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं आणि डोळे भरून आले. सूत आणखी तीनदा तुटलं. पण ऊन कलताना चार हात भरलं.

निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक मीच वाचून दाखवलं, घरात दुसऱ्या कुणाला वाचता येतच नव्हतं. कताई, शंभरपैकी पस्तीस. पास!

"जाशीन आर्णीले," बाबा म्हणाले आणि उगाच बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवून आले.

आबाजींचं मात्र समाधान होईना. "अन् मले किती देल्ले?"

त्यांनी मला परत शाळेत पिटाळलं. गुरुजींनी हसू दाबत पाटीवर लिहून दिलं. मी ती पाटी घरी आणून मोठ्यानं वाचली. आबाजी नव्वद. आई पंच्याहत्तर. बाबा चाळीस, सरकी काढावी. चौघांत शाळेत जाणारी मी एकटी, आणि सगळ्यांत कमी मार्क माझे!